विजापूरची जामी मशीद

मंडळी, तुमचे घर किती खणांचे आहे?

आपल्या मंगळवेढ्याकडे जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दोन खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो. कुणाचे घर तीन खणांचे, कुणाचे पाच खणांचे.

हा खण किती रुंद करता येतो? तुळई जेवढी लांब तेवढाच. त्यातून लांब तुळई मिळाली, तरी भार पडला की ती मधोमध वाकते. मग घरधनी म्हणतो, "मधे एक खांब द्या हो!" खांब दिला की घर टिकते. पण माणसांना बसायला जागा कमी होते.

घरात हे चालून जाते. पण दोन हजार माणसांना एका छपराखाली, एका ओळीत उभे राहायचे असेल तर? मधे खांबांची गर्दी नको असेल तर? तिथे तुळई पुरत नाही. तिथे दुसरी विद्या लागते.

ती विद्या बघायला फार लांब जायला नको. मंगळवेढ्याहून दक्षिणेला निघाले, की राज्याची सीमा ओलांडून विजापूर लागते. २०१४ सालापासून त्याचे सरकारी नाव विजयपूर झाले आहे. आपल्याकडे अजून सगळे विजापूरच म्हणतात. तिथला गोल घुमट बघायला जो तो जातो. पण गावात एक जामी मशीद आहे. ती बघायला मात्र थोडे जातात. या मशिदीची गोष्ट आम्ही आज सांगणार आहोत.

मशीद म्हणजे काय?

आधी एक घोटाळा दूर करू. गोल घुमट ही मशीद नव्हे. ती मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. आपल्या मंगळवेढ्यात गैबी पिराचा दर्गा आहे. दर्गा म्हणजे पिराची समाधी. तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात. मशीद याहून निराळी. मशीद म्हणजे नमाजाची जागा.

मशिदीत मूर्ती नसते. नमाजाला लागते काय? स्वच्छ जागा आणि ठरलेली दिशा. जगातला मुसलमान कुठेही असो, तो मक्केच्या काबाकडे तोंड करून नमाज पढतो. मक्का अरबस्तानात आहे. आपल्याकडून ती दिशा पश्चिमेची. म्हणून आपल्याकडच्या मशिदींची मुख्य भिंत पश्चिमेला असते. त्या भिंतीत एक कोनाडा असतो. त्याला मेहराब म्हणतात. मेहराब बघितली की दिशा कळते. बाजूला दोन-चार पायऱ्यांचा उंच ओटा असतो, तो मिंबर. शुक्रवारी त्यावर उभे राहून इमाम उपदेश करतात. अंगणात हौज असतो. नमाजाआधी तिथे हातपाय, तोंड धुतात.

शुक्रवारच्या दुपारी सगळ्या गावाने एकत्र नमाज पढायचा, ही रीत आहे. त्यासाठी गावात एक मोठी मशीद लागते. तिला जामी मशीद म्हणतात. कुणी जुम्मा मशीद म्हणतात.

मातीच्या भिंती आणि खजुराचे खांब

इस्लामचे पैगंबर मुहंमद सन ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला आले. तिथे त्यांनी सोबत्यांसह मशीद बांधली. ती कशी होती? कच्च्या विटांच्या भिंती. खजुराच्या बुंध्यांचे खांब. वर खजुराच्या झावळ्यांचे छप्पर. घुमट नाही, मिनार नाही, सोन्याचे पाणी नाही. आपल्या शेतातली वस्ती असते ना, जवळजवळ तशीच. नमाजाची हाक द्यायला बिलाल नावाचे एक सोबती होते. ते पूर्वी गुलाम होते. त्यांचा आवाज मोठा गोड होता.

म्हणजे घुमट आणि मिनार हे धर्माने सांगितलेले नियम नव्हेत, बरं का. ते मागाहून आले. इस्लाम ज्या ज्या मुलखात गेला, तिथले दगड, तिथली माती आणि तिथले कारागीर यांनी मशिदीला रूप दिले. म्हणून अरबस्तानातली मशीद वेगळी, इराणातली वेगळी आणि आपल्या दख्खनची वेगळी.

सालोटगीचा रेवय्या

विजापूरच्या आतल्या किल्ल्यात एक जुनी मशीद आहे. तिला करीमुद्दीनची मशीद म्हणतात. ती १३२० सालची. जामी मशिदीच्या आधी अडीचशे वर्षांची. ही मशीद बघितली की माणूस चमकतो. तिचे खांब आपल्या देवळातल्या खांबांसारखेच आहेत. सारखे कसले, ते देवळांचेच आहेत. दिल्लीच्या फौजा त्या वेळी दक्षिणेत आल्या होत्या. लढाया झाल्या. देवळांचे खांब आणून त्यांची ही मशीद उभी केली. ही गोष्ट घडली. ती लपवण्यात अर्थ नाही. तिच्यावरून आज शेजाऱ्याशी भांडण्यातही अर्थ नाही. आज तिथे राहणाऱ्या कुणी ती केलेली नाही.

पण त्या मशिदीत एक शिलालेखही आहे. त्यात बांधणाऱ्या कारागिराचे नाव आहे. सालोटगी गावचा रेवय्या. सालोटगी हे गाव इंडीजवळ आजही आहे. मशीद मलिक करीमुद्दीनची, पण हात रेवय्याचे. रेवय्याला जे बांधकाम येत होते, तेच त्याने केले. खांब उभे केले, त्यावर दगडी तुळया टाकल्या. देऊळ असो की मशीद, त्या वेळी आपल्याकडे मोठे बांधकाम असेच होत असे.

खांब आणि तुळई आली, की माळवदाचीच अडचण आली. खण लहान, खांबांची दाटी. रांगा मोडतात. मागच्याला पुढचे दिसत नाही.

कमानीची युक्ती

या अडचणीवर उपाय म्हणजे कमान. आपल्याकडे कमान अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. पण मोठी बांधकामे तिच्यावर उभी करण्याची चाल नव्हती. इराण, अरबस्तान या बाजूला ती फार जुनी होती. १३४७ साली दख्खनमध्ये बहामनी राज्य सुरू झाले. गुलबर्गा ही त्याची राजधानी. तिथल्या किल्ल्यात १३६७ साली मोठी मशीद झाली. ती बांधणारा रफी हा इराणातल्या कझवीन गावचा. अशी माणसे विद्या घेऊन आली. इथल्या पाथरवटांनी आणि गवंड्यांनी ती बघितली. शिकले. दोन-तीन पिढ्यांत ती विद्या इथलीच झाली.

कमान उभी कशी राहते, हे तुम्हाला आता करून बघता येईल. दोघांनी समोरासमोर उभे राहा. तळहाताला तळहात लावा. आता दोघेही थोडे मागे सरका आणि एकमेकांवर रेला. पडता का? नाही. तू मला ढकलतोस, मी तुला ढकलतो, म्हणून दोघेही उभे. कमानीतले दगड असेच एकमेकांवर रेललेले असतात. प्रत्येक दगड वर रुंद, खाली अरुंद घडवलेला असतो. त्यामुळे तो खाली निसटू शकत नाही. वरून जितका भार येईल, तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. तुळई भाराने वाकते. कमान भाराने घट्ट होते.

पण बांधताना एक अडचण असते. शेवटचा, अगदी मधला दगड बसेपर्यंत कमान स्वतः उभी राहत नाही. म्हणून खाली लाकडी सांगाडा उभारतात. त्यावर दगड रचतात. मधला दगड बसला, चुना वाळला, की सांगाडा काढतात. गवंड्याची खरी परीक्षा तेव्हा असते.

आणखी एक. हात टेकून रेललात, तेव्हा तुमचे पाय मागे घसरू बघत होते ना? कमानीचे पायही तसेच बाहेर घसरू बघतात. त्यांना आधार हवा. म्हणून कमानीच्या शेजारी दुसरी कमान, तिच्या शेजारी तिसरी, आणि शेवटी जाड भिंत.

अली आदिलशहाची मशीद

बहामनी राज्य मोडले. विजापुरात आदिलशाही आली. १५६५ साली दक्षिणेतल्या सुलतानांनी एक होऊन विजयनगरचा पराभव केला. त्यात विजापूरचा पहिला अली आदिलशहा होता. लुटीत पैसा मिळाला. रयतेचा सारा येतच होता. शहर वाढले. १५७६ च्या सुमाराला त्याने जामी मशिदीचे काम सुरू केले.

चला, आत जाऊन बघू. जोडे बाहेर काढा. नमाज चालू असेल तर थांबा. ही मशीद अजून नांदती आहे.

आधी मोठे मोकळे अंगण लागते. मधे हौज. दोन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या. समोर पश्चिमेला नमाजाची इमारत. तिच्या सात मोठ्या कमानी अंगणाकडे तोंड करून उभ्या आहेत. फारशी नक्षी नाही. फक्त मधल्या कमानीला पाकळ्यांसारखी महिरप आहे. काळा दगड, वर चुन्याचा गिलावा. बघताना मन शांत होते.

आता आत या आणि खण मोजा. आडवे नऊ, उभे पाच. पाच नवे पंचेचाळीस. पंचेचाळीस खणांचे घर म्हणा ना! प्रत्येक खणाच्या चारी बाजूंना कमानी. छपराला एकही तुळई नाही.

आता मधोमध या. इथले नऊ खण एक केले आहेत. नऊ खण वेगवेगळे ठेवले असते, तर इथे मधे चार खांब आले असते. बांधणाऱ्याने ते चार खांब येऊच दिले नाहीत. कडेच्या बारा खांबांवर सगळा भार घेतला आणि मधली जागा मोकळी सोडली. मान वर करा. वर घुमट आहे. आतून सुमारे ५७ फूट रुंद.

घुमट पडत कसा नाही?

असे आम्हाला नेहमी विचारतात. उत्तर तुमच्या विहिरीत आहे.

विहिरीचे आतले गोल बांधकाम आठवा. चारी बाजूंनी माती दगडांना आत ढकलत असते. तरी ते आत पडत नाहीत. कारण प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला अडवून धरतो. गोल पुरा झाला, की कुणालाच आत सरकायला जागा नाही. घुमट म्हणजे अशी गोल कडी, तिच्यावर थोडी लहान कडी, तिच्यावर आणखी लहान. शेवटी वर तोंड मिटते.

पण खालची जागा चौकोनी. वरचा घुमट गोल. चौकोनी पाटावर गोल टोपली ठेवली, तर चार कोपरे उघडे राहतात. मग काय करावे?

विजापूरच्या कारागिरांनी मोठी नामी युक्ती केली. दोन चौकोनी पाट घ्या. एकावर एक ठेवा. वरचा पाट थोडा फिरवा, म्हणजे त्याचे कोपरे खालच्या पाटाच्या बाजूंवर येतील. आठ टोकांची चांदणी झाली ना? आता तिच्या मधला भाग बघा. तो आठ कोनांचा आहे, जवळजवळ गोल. खालून उठणाऱ्या कमानी एकमेकींना छेदून वर जातात आणि अशीच चांदणी करतात. तिच्या मधल्या भागावर घुमट बसतो.

या युक्तीचा दुसराही फायदा आहे. घुमटाचा खालचा काठ बाहेर पसरू बघतो. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव नसेल तर चाक जसे उकलते, तसे. इथे त्या छेदणाऱ्या कमानी आतल्या बाजूला झुकलेल्या आहेत. त्यांचे वजन आत ओढते. घुमट बाहेर ढकलतो, कमानी आत ओढतात. दोघांचे जमते आणि इमारत उभी राहते.

हीच युक्ती पुढे गोल घुमटात वापरली. तो १६५६ च्या सुमाराला झाला. त्याचा घुमट आतून सुमारे १२५ फूट रुंद आहे. तो बांधणारा म्हणून दाभोळच्या याकूतचे नाव सांगतात. दाभोळ म्हणजे आपले कोकणातले बंदर. पण गोल घुमटाआधी हा धडा जामी मशिदीत गिरवलेला होता. आधी पाटी, मग वही. तसेच हे.

सोनेरी मेहराब

पश्चिमेच्या भिंतीत मेहराब आहे. १६३६ साली मुहम्मद आदिलशहाच्या हुकुमाने तिच्यावर सोनेरी आणि रंगीत काम झाले. ते मलिक याकूतने करवून घेतले. त्यात फुलदाण्या आहेत, मिनार आहेत, साखळ्या आहेत. आणि कोनाड्यांत ठेवलेली पुस्तकेही रंगवली आहेत. माणसाचे किंवा जनावराचे चित्र एकही नाही. मशिदीत ते काढत नाहीत. सगळी इमारत साधी, आणि एवढी एकच जागा लखलखीत. जिकडे तोंड करायचे, तिकडेच नजर जावी म्हणून.

अपुरे राहिलेले काम

एवढी मोठी मशीद, पण ती पुरी झालेली नाही. पूर्वेच्या बाजूला दोन मिनार व्हायचे होते. ते झालेच नाहीत. अली आदिलशहा १५८० मध्ये गेला. पुढचे सुलतान थोडे थोडे काम करत राहिले.

१६८६ साली औरंगजेबाने विजापूर जिंकले. आदिलशाही संपली. मशिदीतले मौल्यवान गालिचे त्याने नेले आणि त्यांच्या बदल्यात फरशीवर नमाजाच्या चौकटी आखून दिल्या, असे सांगतात. त्या चौकटी आजही दिसतात. सुमारे सव्वादोन हजार आहेत. एका माणसाला एक चौकट. अमीर असो, फकीर असो, चौकट एकाच मापाची. पूर्वेची बाजूही त्याच्याच काळात बांधून दरवाजा केला.

पुढे शहर ओस पडले. १७६० मध्ये ते पेशव्यांकडे आले, १८१८ नंतर इंग्रजी अमलात गेले. राज्ये आली आणि गेली. मशीद उभी राहिली.

कुणी बांधली?

पुस्तकात लिहितात, "अली आदिलशहाने बांधली." खरेच का त्याने एकही दगड उचलला? दगड फोडले कुणी? ओझी वाहिली कुणी? चुन्याच्या घाणीला बैल कुणी जुंपले? सांगाडा काढताना खाली कोण उभे होते?

हा प्रश्न मंगळवेढ्याच्या माणसाने विचारायलाच हवा. चोखोबांना आपण विसरलेलो नाही. परंपरा सांगते, की १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधायचे चालले होते. त्या कामावर त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसांना वेठीला धरले होते. त्यात चोखोबा होते. भिंत कोसळली आणि माणसे तिच्याखाली गेली. चोखोबाही गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुराला नेल्या. तिथे महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे. त्या भिंतीखाली मेलेल्या बाकीच्यांची नावे आज कुणालाही सांगता येत नाहीत.

मंगळवेढा पुढे विजापूरच्याच राज्यात होता. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या स्वारीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने इथला किल्ला आदिलशाहीकडून घेतला, तोवर इथला सारा विजापूरकरांकडे जायचा. विजापूरच्या वाड्यांना आणि मशिदींना जो पैसा लागला, तो अशाच काळ्या रानांतून आला. म्हणून ती मशीद परक्यांची म्हणू नये. मुसलमानांना ती नमाजासाठी आहे. तो त्यांचा मान. पण तिच्यातला घाम सगळ्यांचा आहे.

नाव कुठे लिहावे?

जाता जाता एक सांगायचे आहे, आणि ते तुम्हालाच सांगायचे आहे.

तुम्ही आता अक्षरे शिकलात. माणूस लिहायला शिकला, की त्याला आपले नाव लिहावेसे वाटते. ते चांगलेच आहे. पण जुन्या इमारतींच्या भिंती बघितल्या, की वाईट वाटते. कुणी खिळ्याने नाव कोरले आहे. कुणी कोळशाने. चुन्याचा गिलावा एकदा खरवडला, की तिथे पाणी मुरते. पाणी मुरले, की सांधा ढिला होतो. एक दगड हलला, तर त्याला रेललेला दुसराही हलतो. तळहातांचा खेळ आठवा. एकाने हात काढला की दोघेही पडतात.

या मशिदीची देखभाल भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. अशा इमारतीला इजा करणे हा गुन्हा आहे. २०१० साली कायदा बदलला. त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. पण कायद्याच्या भीतीनेच कशाला? सालोटगीच्या रेवय्याचे नाव दगडावर राहिले, कारण त्याने इमारत उभी केली. आपण तिला खरवडून आपले नाव राखायचे, हे बरे दिसते का?

तेव्हा विजापूरला जाल, तर गोल घुमट बघा आणि जामी मशीदही बघा. मुलांना बरोबर न्या. त्यांना खण मोजायला लावा. दरवाजाजवळचा फलक तुम्ही स्वतः वाचा आणि त्यांना वाचून दाखवा. कालपर्यंत तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत होता. आज तुम्हाला वाचता येतो.

आणि नाव लिहायचे असेल, तर आपल्या वहीत लिहा.

वाचा आणि सांगा

१. तुमच्या घरात किती खण आहेत? एखादा खांब काढला तर काय होईल?

२. मशीद आणि दर्गा यांत फरक काय?

३. तुळई आणि कमान यांत भार कोण जास्त पेलते? का?

४. तुमच्या गावातली सर्वांत जुनी इमारत कोणती? ती कुणी बांधली, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि चार ओळी लिहा.